डाव्या पत्र्यावरचे तीन ठिपके

अय्युब शेख लांबी वापरत नसे. एवढं सांगितलं की मंगळवार पेठेतल्या गॅरेजवाल्यांना कोणता अय्युब ते कळायचं. लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्यावरचा खड्डा बुजवायला फासतात तो लगदा. खड्डा ठोकून काढायला दोन दिवस लागतात, लांबी फासली की दोन तासांत गाडी गुळगुळीत. वर रंग मारला की गिऱ्हाईक खूश. दोन पावसाळे गेले की लांबी फुगते, सुटते, आणि आतला खड्डा जिथल्या तिथे असतो. अय्युब म्हणे, "खड्डे बुजवणं हे महापालिकेचं काम. आपण डेंटर आहोत."

घर कसबा पेठेत, तांबट आळीला लागून. गल्ली इतकी अरुंद की आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाच्या दारात गाडी कधी आली नाही. लहानपणी जाग यायची ती तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांच्या आवाजाने. शाळा सातवीत सुटली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या तांबटाने त्याला दोन वर्षं समोर बसवून घेतलं. ठोकायला नाही, ऐकायला. कुठे पत्रा पातळ झाला, कुठे जाड राहिला, ते डोळ्याआधी कानाला कळतं, हे तिथे कळलं. पुढे अय्युब गॅरेजात गेला, तांब्याच्या जागी लोखंड आलं, कान तोच राहिला.

आणखी एक गोष्ट त्याने त्या म्हाताऱ्याकडून घेतली. भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतात, ते घेणाऱ्याचं असतं. म्हातारा म्हणाला होता, "ठोकणाऱ्याचं नाव कोणी घालत नाही. तू बुडाला आपली खूण करत जा. चांगलं झालं तरी तुझं, वाईट झालं तरी तुझं." तेव्हापासून ज्या पत्र्याला अय्युबचा हात लागला, त्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, अगदी दुमडलेल्या कडेवर, पंचने, म्हणजे बोथट टोकाच्या पोलादी खिळ्याने, मारलेले तीन ठिपके असत. बाहेरून दिसत नसत. ज्याला बघायचं त्याला दिसत.

कडेवर मारायचे, कारण तिथे पत्रा दुहेरी असतो. मध्ये मारले तर ते पुटकुळ्यांसारखे बाहेर येतात. त्याचा मुलगा फैझल शिकत असताना त्याने एकदा ते केलं होतं. एका डॉक्टरांच्या गाडीचं दार सुरेख काढलं आणि शेवटी खूण मारली ती कडेपासून चार बोटं आत. रंगवलेल्या दारावर तीन फोड आले. अय्युबने ते काढायला दोन दिवस घालवले आणि ते दोन्ही दिवस फैझलला बाजूला नुसतं उभं ठेवलं. "बघ. तुझ्या तीन ठोक्यांना माझे दोन दिवस." फैझल डावखुरा होता. डावखुऱ्याला शिकवायचं म्हणून अय्युब सहा महिने त्याच्यासमोर उलटा उभा राहत असे, आरशातल्या माणसासारखा. पोराचा हात बसला. पुढे तो रंगकामात गेला आणि रंगात त्याने बापालाही मागे टाकलं.

अय्युबकडे लोक आणखी एका कामासाठी येत. जुनी गाडी घ्यायची असली की ती आधी त्याच्याकडे आणत. तो गाडीभोवती एक फेरी मारी, पत्र्यांवरून तळहात फिरवी, बोटाच्या पेराने टकटक करी आणि सांगे, कुठे लागली, कुठे नाही. या कामाचा तो फक्त चहा घेई. "अय्युबने हात फिरवला" एवढं वाक्य पुरे असे, मग घेणारा कागद बघत नसे. पन्नास वर्षांत तो एक बोलला आणि पत्रा दुसरं बोलला, असं झालं नव्हतं. घर, गॅरेज, मुलगा सगळं धरून अय्युबजवळ त्याची स्वतःची म्हणावी अशी एवढीच वस्तू होती.

वारज्याचे आप्पासाहेब हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. वारजं गाव होतं तेव्हापासूनचं. त्यांची एक जीप होती. तिच्यातून कडबाही जायचा आणि वऱ्हाडही. वर्षातून दोनदा ती अय्युबकडे यायची. सोबत त्यांचा लहान मुलगा इंद्रजीत. तो सुट्टीत दिवसभर गॅरेजातल्या रिकाम्या टायरवर बसून राही आणि अय्युबच्या डब्यातली पोळी खाई. पुढे वारज्याचं शहर झालं. शेतात इमारती उभ्या राहिल्या, आप्पासाहेबांचं धोतर तेच राहिलं, आणि इंद्रजीत बिल्डर झाला.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला इंद्रजीतने स्पोर्ट्स कार घेतली. शेंदरी रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. पूजेला त्याने अय्युबला बोलावलं. चाकाखाली लिंबं ठेवताना कोणीतरी म्हणालं, "जरा बारकी बघून ठेवा, गाडी अडकेल."

आप्पासाहेब खुर्चीत बसून बघत होते. "एवढी थोरली गाडी आन् माणसं दोनच बसत्यात. वाकून आत, वाकून भाईर. दंडवत घालायची गाडी हाय व्हय ही?"

"आप्पा, रंग तरी बघा," इंद्रजीत म्हणाला.

"बगितला की. शेंदूर फासलाय. सोडून आला का एखाद्या माळावर, तर दुसऱ्या दिशी लोक नारळ फोडत्याल."

सगळे हसले. इंद्रजीतने हसता हसता अय्युबचा हात धरला. "चाचा, पहिले तुम्ही बसायचं."

घरचे सगळे उभे होते, तरी पहिले अय्युब बसला. गुडघे हनुवटीला लागले. येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीपर्यंत जाऊन दोघे परत आले.  अय्युब वाटभर ऐकत होता. इतक्या वेगात कुठलाच पत्रा कुरकुरला नाही, दारं हलली नाहीत. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "ज्याने केली त्याचा हात धुऊन पाणी प्यावं."

"चाचा, मी ही झाकून ठेवणार नाही," इंद्रजीत म्हणाला. "आमच्या सोसायटीत तिघांकडे अशा गाड्या आहेत. रविवारी बुरखा काढतात, फोटो काढतात, परत बुरखा. मी रोज चालवणार."

अय्युबला हे वाक्य फार आवडलं. रोज वापरलेलं हत्यार गंजत नाही, हे तो सगळ्यांना सांगत आला होता आणि कोणी ऐकत नव्हतं. हा ऐकणारा निघाला. आणि इंद्रजीतने खरंच रोज चालवली. साइटवर, जिममध्ये, सकाळी दूध आणायलाही. सिग्नलला थांबला की शेजारचा स्कूटरवाला हेल्मेटची काच वर करून विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" पहिले दोन महिने इंद्रजीत खरं उत्तर देई. मग "स्कूटरपेक्षा कमी" असं म्हणू लागला.

त्रास होता तो गतिरोधकांचा. गाडीचं नाक खाली घासायचं. अय्युब एका सकाळी बसने वारज्याला गेला आणि इंद्रजीतच्या रस्त्यावरच्या गतिरोधकाजवळ, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, डांबरावर आडवा झाला. गाल जमिनीला टेकवून म्हणाला, "ये आता. सावकाश. तिरका घे. आधी एक चाक चढव."

फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबले. "काका, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. सावली सोडा."

चार वेळा गाडी गेली, चार वेळा त्याने बोटांनी अंतर मोजलं. त्यानंतर नाक घासलं नाही. दर गुरुवारी इंद्रजीत मंगळवार पेठेत चक्कर टाकी. अय्युब फडक्याने काच पुसे, एक फेरी मारी, पत्र्यावरून हात फिरवी. गॅरेजातले बाकीचे म्हणत, "अय्युबभाईंची सून आली." तोही नाही म्हणत नसे.

मग एका गुरुवारी इंद्रजीत आला तो गाडी मागे लपवून उभा राहावा तसा. मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा आत गेला होता. पोळपाटाएवढा खड्डा, मध्ये घडी पडलेली.

"पार्किंगमधल्या खांबाला घासली, चाचा."

"खांब चालत आला?"

इंद्रजीत हसला नाही. "कंपनीच्या वर्कशॉपात नेली तर पत्रा कापून नवा लावतील आणि त्यांच्याकडे कायमची नोंद. ॲक्सिडेंटची गाडी म्हणून."

"मग आहेच की."

"चाचा, तुम्ही काढाल ना?"

अय्युबने चुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही. ॲल्युमिनियम. लोखंडाला आपली मूळची घडण आठवते, जरा समजावलं की ते परत येतं. ॲल्युमिनियमला काही आठवत नाही. थंड ठोकलं तर तडकतं, जास्त तापवलं तर लोण्यासारखं बसतं. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर अय्युबने हात जोडले असते.

"काढतो. पण खूण ठेवणार. आणि जेव्हा विकशील तेव्हा घेणाऱ्याला सांगायचं, हा पत्रा हाताळलेला आहे. मला विचारलं तर मी सांगणारच."

"विकतोय कोण, चाचा? रोज चालवायला घेतलीये."

"सांगायचं म्हणून सांग."

"सांगेन. बोललो."

अकरा दिवस लागले. अय्युबने दोन्ही बाजूंचा रंग काढला, पत्र्यावर आंघोळीचा साबण घासला आणि लांबून ज्योत फिरवली. साबण तपकिरी-काळा पडला की थांबायचं. साबण हाच थर्मामीटर. मग आतून लाकडी हातोडी, बाहेरून ठोकळा, दिवसाला तळहाताएवढं काम. दुपारनंतर हात थरथरायला लागला की काम बंद. थकलेल्या हाताचा ठोका पत्रा लपवत नाही. दहाव्या दिवशी त्याने डोळे मिटून हात फिरवला आणि खड्डा कुठे होता ते त्याला स्वतःला सापडलं नाही. चाकाच्या कमानीत, दुमडलेल्या कडेवर, त्याने तीन ठिपके मारले. मग फैझलने रंग दिला. तो शेंदरी रंग सात वेळा मिसळला आणि सहा वेळा फेकला. थर कंपनी देते तेवढाच, केसभर जास्त नाही. बाप-लेकांनी मिळून केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. त्या रात्री जेवताना अय्युबने फैझलच्या ताटात स्वतःच्या वाटचा मटणाचा तुकडा टाकला. त्याची बायको जिनत बघतच राहिली. लग्नातसुद्धा त्याने असं कोणाला वाढलं नव्हतं.

वर्ष गेलं. इंद्रजीतने वारज्याच्या नव्या इमारतीत, रस्त्यालगत, तळमजल्यावर फैझलला एक गाळा द्यायचं ठरवलं. गाड्यांना कोटिंग, पॉलिश, असलं चकचकीत काम. फैझल म्हणाला, "अब्बा, इंद्रजीतभाई म्हणतात जागा तुझीच समज." अय्युबला बरं वाटलं. टायरवर बसून पोळी खाल्लेलं पोर, पोळी विसरलं नाही.

फेब्रुवारीत अय्युब आणि जिनत पुतणीच्या लग्नाला चार दिवस सोलापूरला गेले. परत आल्यावर गॅरेजात शेंदरी गाडीचा वास होता. पॉलिशचा.

"इंद्रजीत येऊन गेला?"

"हो. जरा चमकवून घेतली," फैझल म्हणाला. बोलताना तो हात पुसत होता. हात स्वच्छ होते.

पुढच्या शुक्रवारी अय्युब नमाजहून परतला तर गॅरेजासमोर शेंदरी गाडी उभी. इंद्रजीत फोनवर बोलत येरझारा घालत होता. आत एका उलट्या डब्यावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. चष्मा, पाठीला लॅपटॉपची पिशवी. कोथरूडचा, आमोद नाव. कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होता.

इंद्रजीत घाईने म्हणाला, "चाचा, हे निघालेतच. फैझलने दाखवली सगळी गाडी."

"नाही, मी थांबलोय," आमोद उठला. "काका, माझ्या वडिलांनी ज्या ज्या गाड्या घेतल्या, त्या सगळ्या तुम्हाला दाखवून घेतल्या. ही मला रोज ऑफिसला न्यायला हवीये. वडील म्हणाले, अय्युबभाईंचा हात फिरल्याशिवाय घेऊ नकोस. तासभर बसलोय."

गाडी विकायला काढल्याचं अय्युबला त्या क्षणी कळलं. त्याने इंद्रजीतकडे पाहिलं. "विकतोस?"

"नवीन मॉडेल आलंय, चाचा."

"हं."

"तुमच्या ओळखीची आहे म्हणे गाडी," आमोद म्हणाला.

"जन्मापासून."

"कुठे लागलीये?"

अय्युबने इंद्रजीतला बोलायला जागा ठेवली. "तू सांगतोस की मी सांगू?"

"काय सांगायचं?" इंद्रजीत हसला. चांगलं, मोकळं हसू. "रेघसुद्धा नाही."

अय्युब म्हणाला, "मागचा डावा. चाकावरचा पत्रा. खांबाला लागला होता. मी काढलाय. लांबी नाही, नीट काढलाय, घ्यायला हरकत नाही. पण हाताळलेला आहे."

आमोदने पिशवीतून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. रंगाची जाडी मोजायचं. अशी माणसं आता यंत्र घेऊनच येतात. उजव्या पत्र्याला लावलं, डाव्याला लावलं, पुन्हा उजव्याला. "काका, आकडे सारखेच आहेत."

"असणारच. रंग माझ्या मुलाने दिलाय."

आमोद गोंधळला. त्याने इंद्रजीतकडे पाहिलं, इंद्रजीतने खांदे उडवले.

"यंत्राचं सोडा. आत खूण आहे," अय्युब म्हणाला. "फैझल, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर खोल."

 फैझल पेचकस शोधायला गेला. समोर लटकलेला पेचकस त्याला बराच वेळ दिसला नाही. शेवटी अय्युबने स्वतः स्क्रू काढले, अस्तर बाजूला केलं, खाली बसला. फैझलने टॉर्च धरली. आमोदही वाकला.

कडेवर काही नव्हतं. पत्रा साफ होता.

अय्युबला आधी वाटलं, बाजू चुकली. त्याने चाक पाहिलं. डावंच होतं. त्याने कडेवरून बोट फिरवलं. जिथे ठिपके होते तिथे जरासं, कागदाच्या जाडीचं, खोलगट लागलं. ठिपके घासून काढले होते. नुसते घासले नव्हते. आधी कानस, मग खरखरीत कागद, मग बारीक, मग वापरून झिजलेला कागद आडवा फिरवून आधीच्या रेघा मोडल्या होत्या. असं करायचं असतं. खोलगट जागेत एकच रेघ राहिली होती, ती डावीकडून वर चढत गेली होती. उजव्या हाताचा माणूस त्या जागी बसून तशी रेघ ओढूच शकत नाही. काम चोख होतं. इतकं चोख काम पुण्यात दोनच माणसं करत, आणि त्यातला दुसरा शेजारी टॉर्च धरून बसला होता.

फैझलने टॉर्च चाकाकडे वळवली.

"काका, खूण कुठेय?" आमोदने विचारलं.

अय्युबच्या आधी फैझल बोलला. हळू, समजुतीच्या आवाजात, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं. "साहेब, ती दुसरी गाडी होती. अब्बांचं वय झालंय. गेल्या वर्षापासून होतं असं. गाड्यांची सरमिसळ करतात."

"ओह," आमोद म्हणाला. आणि मग, सभ्य माणूस असल्यामुळे, "असू दे, काका. माझ्या बाबांचंही तसंच आहे."

हे ऐकून अय्युब उठला. एका हाताने मडगार्ड धरून, गुडघा सरळ करत. उजव्या पत्र्यावर पेराने टकटक केली. मग डाव्यावर. "ऐका. हा कोरा बोलतो. हा हाताळलेला बोलतो. जरा दबलेला आहे. पुन्हा ऐका."

आमोदने मनापासून कान दिला. तीन वेळा. "खरं सांगू? मला दोन्ही सारखेच वाटतात."

वाटणारच होते. अकरा दिवस त्यासाठीच घातले होते. कोणाला ऐकू येऊ नये, कोणाला दिसू नये, हाताला लागू नये, म्हणून. फक्त तीन ठिपके बोलायला ठेवले होते.

"फैझल," अय्युब म्हणाला. "हे गाळ्यासाठी?"

फैझलने टॉर्च विझवली. इंद्रजीत पुढे आला. "चाचा, जाऊ द्या ना. एवढं काय? तुम्हीच म्हणालात, चांगला काढलाय, घ्यायला हरकत नाही. मग न सांगितलं तर कुणाचं काय जातं?"

"तू बोलला होतास."

"बोललो होतो, चाचा. विकायचीच नव्हती तेव्हा."

अय्युब भिंतीकडे गेला. तिथे त्याचा पंच टांगलेला होता, पन्नास वर्षांचा, डोक्याकडून ठोकून ठोकून कणसासारखा फुललेला. तो घेतला, लहान हातोडी घेतली.

"साहेब, तुम्ही बाहेरून या पत्र्याकडे बघत राहा. हात लावू नका, नुसतं बघा."

तो पुन्हा खाली बसला, कमानीत हात घातला. कडेवर नाही. कडेपासून चार बोटं आत. फैझलला ते आधी कळलं. "अब्बा, तिथे नाही—" तो ओरडला, आणि अय्युबने मारला. एक. दोन. तीन.

बाहेर, आरशासारख्या शेंदरी रंगावर तीन फोड वर आले. मधल्याच्या टोकावरचा रंग उडाला आणि पांढरा पत्रा दिसला.

इंद्रजीत ओरडला.  वेडा म्हणाला, म्हातारा म्हणाला, आणखीही म्हणाला. ज्या टायरवर तो बसायचा तसलाच एक टायर तिथे पडला होता, त्याला लाथ घातली.

अय्युब अस्तराचे स्क्रू परत लावत होता. सगळे लावून झाल्यावर उठला. "आता विक कोणालाही. जो बघेल तो विचारेल, हे काय. सांगावं लागेल."

आमोदने यंत्र पिशवीत ठेवलं. तो अय्युबकडे बघत होता, फैझलकडे बघत होता. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. "नको मला ही," एवढंच म्हणाला आणि रिक्षा शोधायला चालत निघाला.

इंद्रजीत गेला. गॅरेजात बाप आणि मुलगा राहिले.

"ते दोन दिवस उभं केलं होतंत मला," फैझल म्हणाला. "तीन ठिपके आत मारले म्हणून."

"हो."

"आज तुम्हीच मारलेत. आपल्या सगळ्यात चांगल्या कामावर."

"आपल्या नाही. तुझा हात तू पुसून टाकलास, माझाही पुसलास. वर म्हणालास, बाप भ्रमिष्ट आहे."

"माझा गाळा गेला, अब्बा. चाळीस वर्षांचा होईन मी. हा धूर, ही गल्ली, ही अंधारी जागा. तुमच्या तीन ठिपक्यांवर किती दिवस काढू मी?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही."

"मग?"

अय्युबने पंच परत भिंतीवर टांगला. संध्याकाळी आप्पासाहेबांचा फोन आला. अय्युब त्याचीच वाट बघत होता. दुसऱ्या कोणाला नाही, पण जीपवाल्या माणसाला हे कळेल, असं त्याने धरलं होतं.

"अय्युबभाई, पोरगं म्हनतंय तुमी गाडी फोडली. खरं हाय का?"

"तीन ठिपके मारले, आप्पासाहेब. त्याने शब्द फिरवला म्हणून."

 "तसं आसंल बी. पन पोरगं हाय. तुमच्या मांडीवर वाडलेलं. जरा सांबाळून घ्यायचं हुतं."

"मी गाडी सांभाळली होती, आप्पासाहेब."

"गाडी काय, लोखंड हाय," आप्पासाहेब म्हणाले.

ॲल्युमिनियम, असं अय्युबच्या ओठांवर आलं. त्याने फोन ठेवला.

महिन्याभराने फैझल वारज्यालाच गेला. गाळा मिळाला नाही. दुसऱ्याच कोणाच्या कोटिंगच्या दुकानात कामाला लागला. आपली हत्यारं त्याने एका पेटीत भरली. जाताना जिनतच्या पाया पडला, अय्युबच्याही पडला. अय्युबने डोक्यावर हात ठेवला, कारण ठेवायचा असतो. पेटी नेताना फैझल ती डाव्या हातात घेतो आणि डावा खांदा खाली झुकतो, हे त्याला गल्लीच्या टोकापर्यंत दिसत राहिलं.

अय्युब अजून गॅरेजात जातो. काम थोडं घेतो. जुन्या गाड्या दाखवायला लोक अजून येतात, पण थोडे. "वय झालंय त्यांचं" हे वाक्य एकदा बाजारात गेलं की ठोकून काढता येत नाही.

शेंदरी गाडी विकली गेली नाही. दोन डेंटरांनी ते फोड बघितले आणि लांबी मारावी लागेल म्हणाले. इंद्रजीतने मारू दिली नाही. का, ते अय्युबला कळलं नाही. कदाचित लांबी फुगते, हे तो लहानपणी टायरवर बसून ऐकत होता. आता तो ती रोज चालवतो, तशीच.

परवा दुपारी नदीच्या पुलाजवळ सिग्नलला अय्युब रस्ता ओलांडायला उभा होता, तेव्हा ती समोर येऊन थांबली. डावी बाजू त्याच्याकडे. काच वर होती. शेजारी स्कूटरवर एक जोडपं. मागच्या बाईने वाकून बघितलं. "अहो, गाडीला फोड आलेत बघा. एवढ्या महागाच्या गाडीला?"

"ॲव्हरेज विचारू का?" नवरा म्हणाला.

इंद्रजीत समोर बघत राहिला. त्याने अय्युबला पाहिलं होतं. अय्युबने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो पत्र्याकडे बघत होता. उन्हात तिन्ही ठिपके स्पष्ट दिसत होते. पहिले दोन ओळीत होते. तिसरा थोडा वर बसला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

सिग्नल सुटला, गाडी गेली. अय्युबने उजवा हात उघडून बघितला, मिटला आणि रस्ता ओलांडला. पन्नास वर्षांत तिसरा ठिपका कधी वर गेला नव्हता.